आधी दात शोधा

तालुक्याच्या मैदानावर किशोर गटाचा कबड्डीचा सामना रंगात आला होता. तेरा वर्षांच्या एका पोराने खोलवर चढाई केली, कोपऱ्याच्या गड्याला हात लावला आणि मध्यरेषेकडे झेप घेतली. पकडायला आलेल्याचा गुडघा नेमका त्याच्या तोंडावर बसला. पोरगं उठलं तेव्हा ओठातून रक्त गळत होतं आणि वरचा पुढचा दात जागेवर नव्हता.

त्याचे मास्तर धावत आले. पोरांवर जीव लावणारा माणूस. घोटा मुरगळला, गुडघा दुखावला, की त्यांचे हात सराईतपणे चालत. तोंडाच्या दुखापतीसाठी मात्र त्यांच्या पेटीत काहीच नव्हतं.

"चूळ भर आणि उभा राहा," ते म्हणाले. "2002 साली अँटिग्वाला कुंबळेने मोडक्या जबड्यानिशी गोलंदाजी केली, लाराला बाद केलं!"

समोरच्या संघाच्या प्रशिक्षक बाई तोवर जवळ आल्या होत्या. "सर, त्यानंतर ते शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतले, तेही सांगा पोरांना. आधी दात शोधा."

त्यांनी पोराला बसवून पुढे वाकवलं. नाव विचारलं, सामन्याचे गुण विचारले. मळमळतंय का, गरगरतंय का, वरचे-खालचे दात नीट जुळतात का, तेही पाहिलं. इतक्यात गुणलेखकाला मातीत दात सापडला. तो सदऱ्याला पुसणार, तोच बाई ओरडल्या, "पुसू नका! मुळाला बोट लावू नका, चावायच्या बाजूने धरा."

टपरीवरून थंड दूध आलं. बाईंनी दात दुधात हलकेच हलवून माती काढली, खोबणीत सरळ बसवला आणि पोराला स्वच्छ रुमाल चावून धरायला दिला.

"बसवणं जमलं नसतं, तर दुधातच ठेवून नेला असता," त्या म्हणाल्या. "मुळावर पेशींचा पातळ पापुद्रा असतो. तोच दाताला हाडाशी जोडतो. दात कोरडा राहिला तर अर्ध्या तासात त्या पेशी मरू लागतात, तासाभराने फारशी आशा उरत नाही. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, आतल्या पक्क्या दाताला इजा होते."

"हे कुठे शिकलात?"

"आमच्या एका मुलीचा दात आम्ही कागदात बांधून दुसऱ्या दिवशी नेला होता. फार उशीर झाला होता. त्यानंतर दातांच्या डॉक्टरांनाच मैदानावर बोलावलं."

दवाखान्यात डॉक्टरांनी तो दात शेजारच्या दातांना तारेने बांधला आणि दोन आठवड्यांनी तार काढायला बोलावलं. टिकण्याची हमी त्यांनी दिली नाही, पण वेळेत आणलात, असं म्हणाले.

पुढच्या सरावाला मास्तरांनी माउथगार्डचा विषय काढला. पोरं कुरकुरली, "सर, तोंडात ते घालून 'कबड्डी कबड्डी' कसं म्हणायचं?" मास्तरांनी स्वतःच्या दातांच्या मापाने करून घेतलेला माउथगार्ड तोंडात बसवला, मध्यरेषा ओलांडली आणि दम न तोडता खणखणीत आवाजात चढाई करून दाखवली. मग एकेक पोर डॉक्टरांकडे माप द्यायला गेलं.

तात्पर्य: खेळाडूला सोसायला शिकवणं सोपं आहे. त्याला सोसावं लागू नये म्हणून आधी स्वतः शिकतो, तो खरा प्रशिक्षक.