‘बिलिटल’ची जन्मकथा

थॉमस जेफरसन यांचा व्हर्जिनियाविषयीचा ग्रंथ १७८७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ‘युरोपियन मॅगझिन’च्या परीक्षणकर्त्याला त्यातील इंग्लंडवरच्या टीकेपेक्षा ‘बिलिटल’ हे एक क्रियापद अधिक झोंबले. बाकी सारे माफ करू, पण आमच्या मातृभाषेला तरी सोडा, अशा आशयाची थट्टा त्याने केली. ‘लहान’ या अर्थाच्या ‘लिटल’ला ‘बि’ हा उपसर्ग जोडण्यात व्याकरणाचे काही बिघडत नव्हते. तरीही युक्तिवादाच्या भानगडीत न पडता नाक मुरडून त्याने शब्द निकालात काढला, आणि तसे करताना आज त्या शब्दाला जो अर्थ आहे त्याचे चोख उदाहरणच घालून दिले.

मुळात हा शब्द बोलण्याविषयी नव्हता. अमेरिकेची हवा थंड आणि दमट असल्यामुळे तेथील प्राणी युरोपातल्यांपेक्षा खुजे निपजतात, असे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ यांचे मत होते. निसर्गाच्या या कथित कृतीसाठी जेफरसन यांनी ‘बिलिटल’ योजले. पुढे तो कमी लेखणाऱ्या बोलण्याकडे वळला. निंदा आणि हे बोलणे यांत मात्र भेद करायला हवा. निंदक दोष दाखवतो, म्हणून त्याला उत्तर देता येते. कमी लेखणारा मोजमाप आधीच उरकल्याचा आव आणतो आणि समोरच्याच्या हाती खोडण्याजोगे विधानच ठेवत नाही.

अशा बोलण्यावर उतारा म्हणजे प्रत्यक्ष मोजणी, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि जेफरसन यांनी तोच मार्ग धरला. त्यांच्या तक्त्यात युरोपातील अस्वल १५३.७ पौंडांचे, तर अमेरिकेतील ४१० पौंडांचे आहे. तेवढ्यावर न थांबता त्यांनी न्यू हॅम्पशायरच्या जॉन सलिव्हन यांच्याकरवी मूस हे प्रचंड हरीण मारवून त्याचा सांगाडा पॅरिसला मागवला. या खटाटोपाचा शेवट काहीसा गमतीदार आहे, कारण सोबतची शिंगे बुफाँ यांच्याकडे धाडताना ती फारच लहान असल्याची सबब पत्रात जोडावी लागली. मतात दुरुस्ती होण्याआधीच, १७८८ मध्ये, बुफाँ वारले.

हा उतारा पुरेसा आहे, असे म्हणणे त्याच ग्रंथाची पुढली पाने वाचल्यावर कठीण होते. अमेरिकेने अद्याप एकही चांगला कवी दिला नाही, या आबे रेनाल यांच्या टोमण्याला जेफरसन यांनी त्यात उत्तर दिले आहे: राष्ट्र कोवळे आहे, ग्रीकांना आणि रोमनांना मिळाला तेवढा वेळ त्यालाही द्या. वस्तुतः कवयित्री हजर होती. पश्चिम आफ्रिकेतून बालपणी पळवून आणलेल्या आणि बोस्टनमध्ये गुलाम म्हणून वाढलेल्या फिलिस व्हीटली यांचा संग्रह १७७३ सालीच लंडनमध्ये निघाला होता. एवढ्या कविता गुलाम मुलीने लिहिल्या यावर कोणाचा विश्वास बसणार नाही म्हणून गव्हर्नर हचिन्सन आणि जॉन हॅन्कॉक यांच्यासह बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांनी दिलेली ग्वाही त्यात छापावी लागली होती. जेफरसन यांनी त्यांचे आडनाव चुकीचे लिहिले, कविता ‘त्यांच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या’ अशा संशयी शब्दांत उल्लेखिल्या आणि त्या समीक्षेच्याही लायकीच्या नाहीत असे ठरवले. एकही ओळ तपासून दाखवली नाही.

तेव्हा मोजणीची अचूकता हा प्रश्नच दुय्यम ठरतो; काट्यावर कोणाला चढू द्यायचे, हा निर्णय तिच्या आधी झालेला असतो. अस्वलासाठी दशांशापर्यंत जाणारा माणूस कवितेपाशी थबकतो तो साधनांच्या अभावी नव्हे, तर वजन भरलेच तर गुलामगिरीचे समर्थन अडचणीत येईल म्हणून. याच कारणाने कमी लेखणाऱ्याला पुरावे पुरवत राहण्याचा शहाणपणाचा सल्ला अपुरा पडतो, कारण पुरावा नाकारण्याचा अधिकारही तो स्वतःकडेच राखतो. व्हीटली यांना तर प्रत्युत्तराची संधीही नव्हती: त्या डिसेंबर १७८४ मध्ये वारल्या, आणि ग्रंथाची पहिली खाजगी आवृत्ती पॅरिसमध्ये छापली गेली ती १७८५ साली.