आशा आणि साक्ष

खोट्या साक्षीविषयीची आज्ञा शब्बाथशाळेत शिकवीत असता एका मुलाने मला विचारले, "सर, सांगणाऱ्याला ते खरेच वाटत असेल, पण ते खरे नसेल, तर ती खोटी साक्ष होते का?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी जाताना खडेबाजारात वीज गेली आणि विजेच्याच शोधातील एक गोष्ट आठवली.

सूर्याच्या गाभ्यात द्रव्य पाण्याच्या सुमारे १५० पट घन आहे, आणि उष्णता दीड कोटी अंश. तेथे हायड्रोजनचे अणुगर्भ एक होऊन शक्ती बाहेर पडते. हे पृथ्वीवर साधले तर धुराविना वीज मिळेल, आणि जळण म्हणून लागणारा जड हायड्रोजन समुद्राच्या पाण्यात विपुल आहे. १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी ही शक्ती २० वर्षांत काबूत येईल असे भाकीत केले. ते चुकले. तरी त्यांना खोटा साक्षी कोण म्हणेल? ते आशा बोलले, आणि ती आशा म्हणूनच बोलले.

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेत युटा येथे मार्टिन फ्लाइशमन व स्टॅन्ली पॉन्स यांनी मात्र 'आम्हांला आढळले' म्हणून सांगितले. पॅलेडियम हा धातू आपल्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन शोषून घेतो. जड पाण्यात त्याची कांडी ठेवून वीज सोडली की आत दाटलेला जड हायड्रोजन साध्या तपमानातच एक होतो, असा त्यांचा दावा होता. इतरांनी पडताळण्याआधीच तो वार्ताहरांपुढे मांडला गेला. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही लागलीच प्रयोग झाले, डॉ. पी. के. अय्यंगार व डॉ. एम. श्रीनिवासन यांनी संपादिलेल्या अहवालात न्यूट्रॉन व ट्रिटियम आढळल्याची नोंद आहे. परंतु जगात पुष्कळांना काहीच सापडेना, आणि ज्यांना सापडले त्यांना ते हवे तेव्हा पुन्हा दाखविता येईना.

ह्यांनी लबाडी केली असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांच्या जागी मला मीच दिसतो. एका प्रार्थनासभेत एक आजारी भाऊ पूर्ण बरा झाला, अशी साक्ष मी मोठ्या आवेशाने दिली होती. डॉक्टरांनी त्याला तपासलेही नव्हते. माझ्या शब्दावर विसंबून त्याने औषध सोडले, आणि पुढे तीन महिने त्याने अंथरुणात काढले. मला जे वाटत होते ते मी पाहिले म्हणून सांगितले होते.

कॅलिफोर्नियात लिव्हरमोर येथे ५ डिसेंबर २०२२ रोजी १९२ लेझरांनी एक चिमुकली गोळी दाबून शिशाहून कितीतरी घन केली. २.०५ मेगाज्यूल आत गेले, ३.१५ बाहेर आले. पण ते लेझर चालविण्यास सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली, हेही त्यांनी सांगितले. हा तिसरा आकडा मला फार आवडला.

येत्या रविवारी त्या मुलाला उत्तर द्यावयाचे आहे. त्या आजारी भावाची हकीकतही मी वर्गात सांगणार आहे. त्याची परवानगी घेतली आहे.