दुष्काळ आणि यादी

मागच्या वर्षी आमच्या टीममधल्या नऊ जणांपैकी चौघांना काढलं. मी राहिलो. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये वरिष्ठ म्हणाले, "डार्विननं सांगूनच ठेवलंय, जो बदलतो तो टिकतो." आम्ही माना डोलावल्या. मला ते वाक्य आवडलंही, कारण त्यात माझं कौतुक होतं.

असं वाक्य डार्विननं लिहिलेलं नाही, हे नंतर कळलं. पण डार्विनच्या सिद्धान्तात तरी ते बसतं का?

गॅलापागोस द्वीपसमूहात डॅफ्नी मेजर नावाचं छोटंसं बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्यानं १९७३पासून तिथल्या फिंच पक्ष्यांचा अभ्यास केला. एकेक पक्षी पकडायचा, चोच मोजायची, पायात कडी अडकवून सोडून द्यायचा. १९७७ साली तिथे दुष्काळ पडला. बारीक बिया संपल्या आणि उरली ती आपल्याकडच्या सराट्याच्या नात्यातल्या एका वनस्पतीची टणक, काटेरी फळं. ती फोडायला जाड चोच लागते. मध्यम आकाराच्या फिंचांपैकी सुमारे ८५ टक्के नाहीसे झाले. वाचलेल्यांच्या चोची सरासरीनं जाड होत्या. चोचीचा आकार आनुवंशिक असल्यानं पुढची पिढीही तशीच निघाली. फरक साधारण अर्ध्या मिलिमीटरचा.

यात एकाही पक्ष्यानं आपली चोच बदललेली नाही. बदलली ती सरासरी, आणि तीही बाकीचे मेले म्हणून. 'जुळवून घेणं' ही पिढ्यांची गोष्ट आहे. एकट्या पक्ष्याच्या हातात त्यातलं काहीच नसतं.

पुढे १९८३ साली एल निन्योमुळे धो धो पाऊस झाला आणि बेटावर बारीक बियांचा सुकाळ झाला. त्यानंतरच्या टंचाईत लहान चोचीचे पक्षी जास्त वाचले. म्हणजे 'लायक कोण' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या साली, हेही विचारायला हवं.

माणूस शिकू शकतो, हे खरंच. पण शिकणं म्हणजे नैसर्गिक निवड नव्हे. त्याला वेळ लागतो आणि कुणीतरी तो द्यावा लागतो. काढलेल्यांपैकी एकानंच मला कामाला लागल्यावर सगळं शिकवलं होतं. तो ज्या जुन्या सिस्टिमवर होता ती बंद झाली, माझी चालू राहिली. आमच्यातला फरक एवढाच.

'नैसर्गिक निवड' या शब्दांत निवडणारा कुणीच नसतो. आमच्याकडे मात्र एक यादी होती आणि ती कुणीतरी बसून केली होती. दुष्काळाला जाब विचारता येत नाही, यादी करणाऱ्याला येतो. कदाचित यादी गरजेचीही असेल. पण मग ती गरज सांगावी, निकष सांगावेत. डार्विनचं नाव घेतलं की यादी दुष्काळासारखी दिसू लागते आणि कुणालाच काही सांगावं लागत नाही.

ती यादी मी केली नव्हती. पण तिला दुष्काळ मानण्यात माझी सोय होती, म्हणून मीही मान डोलावली.