थकल्या पायांना तेल

पुण्याहून सासवडपर्यंतची मोठी चाल आणि मधला दिवे घाट एका दिवसात पार केलेल्या वारकऱ्याच्या पोटऱ्या संध्याकाळी ताठून गेलेल्या असतात. आळंदी ते पंढरपूर अशी सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट अजून बरीच उरलेली असते. मुक्कामावर गावातले कोणी तेलाची वाटी घेऊन बसते, कोणी फिजिओथेरपीचे विद्यार्थी येतात आणि अनोळखी माणसाचे पाय मांडीवर घेऊन चोळून देतात. आपण याला पुण्याचे काम म्हणतो, पण देह नश्वर आहे असे कीर्तनात ऐकत असताना त्याच्या दुखण्याला एवढे महत्त्व का द्यायचे, हे विचारत नाही. वारी हे तप असेल, तर पाय दुखणे हाही त्याचाच भाग नव्हे काय? मला वाटते, दुखणे हलके करणे हे भक्तीच्या बाहेरचे काम नाही. मालिशीचा आराम थोडा आणि थोड्याच वेळाचा असतो हे मान्य केले, तरच हे नीट समजते.

चोळल्याने दुखणे हलके का होते? 1965 साली मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी असे मांडले की वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच अडवला जाऊ शकतो आणि स्पर्शाचे व दाबाचे संदेश तो अडवायला मदत करतात. त्या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, मूळ कल्पना टिकली. ठेच लागताच हात आपोआप तिथे जातो, तो उगाच नव्हे. त्वचेच्या केसाळ भागात मंद, हळुवार स्पर्शाला प्रतिसाद देणारे वेगळे मज्जातंतू असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या गतीने हात फिरला की ते सर्वाधिक जागे होतात आणि माणसाला तोच स्पर्श सर्वांत सुखद वाटतो, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. मात्र मालिशीच्या कंबरदुखीवरील 25 चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन या संस्थेचा 2015 चा आढावा सावध आहे: काही काळ दुखणे कमी होते, दीर्घकाळ टिकणारा फायदा दिसत नाही आणि पुरावाही कच्चा आहे. तणावाचे संप्रेरक कॉर्टिसॉल मालिशीने झपाट्याने उतरते, हा लाडका दावाही 2011 च्या आढाव्यात टिकला नाही. चिंता कमी होते, याला मात्र बरा आधार आहे.

मग एवढ्याशा आरामासाठी खटाटोप कशाला? अन्नछत्रात जेवलेल्याला संध्याकाळी पुन्हा भूक लागते, म्हणून अन्नदान कोणी व्यर्थ म्हणत नाही. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणे, दिनचर्येत घातला, रोज करायला सांगितला आणि डोके, कान, पाय यांवर विशेष भर दिला. थकवा रोज येतो, म्हणून त्यावरचा उपायही रोजचाच. तपाच्या आक्षेपाला गीतेच्या सतराव्या अध्यायात उत्तर आहे: शरीराला छळणाऱ्या तपाची तिथे निंदाच केली आहे. वारकरी दुखणे कमवायला निघालेला नसतो. त्याला उद्या सकाळी चालायचे असते.

याहून कठीण आक्षेप मानाचा आहे. नवविधा भक्तीत पादसेवन आहे, शेषशायी विष्णूचे पाय लक्ष्मी चुरते. पण घरादारात ही सेवा पत्नीने पतीची, शिष्याने गुरूची, गड्याने धन्याची केली. चुरणारा हात खालचा आणि पाय वरचा, अशीच ही रीत होती. काही माणसांचा तर स्पर्शच आपल्या समाजाने वर्ज्य ठरवला होता. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. म्हणूनच मुक्कामावरचे ते दृश्य मला मोलाचे वाटते: तिथे समोरच्याचे नाव, जात, पद न विचारता त्याच्या पायांना हात लावला जातो आणि कोणाचे कोणावर हुकूम चालत नाहीत. पण पोटासाठी मालिश करणाऱ्याला ‘सेवा’ म्हणून कमी पैसे देणे अन्यायच. त्याच्या कसबाला पुरेपूर मोल हवे.

आणि सेवा करणाऱ्याला थोडे ज्ञानही हवे. मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्याला दाब कळत नाही, जखमही कळत नाही. आधी पाय नीट पाहायचा, विचारायचे, मगच तेल लावायचे. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे चोळायचे नाही, त्या वारकऱ्याला सरळ वैद्यकीय पथकाकडे न्यायचे.