मुलाला कोण सांगणार?

तलाकवर आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले. 18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला, तेव्हापासून तर विशेषच. 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला. 2019 च्या कायद्याने तो गुन्हा ठरवला आणि अशा प्रसंगी अज्ञान मुलांचा ताबा आईला दिला. मेहर, इद्दत, पोटगी, ताबा यांवर मौलवी बोलले, वकील बोलले, आपण लिहिणारेही बोललो. पण आईबाप वेगळे झाले हे मुलाला कोण सांगणार, हे कुठेच ठरत नाही. मग घरोघर एक खोटे तयार होते.

"अब्बू सौदीला गेलेत." वर्धा, हिंगणघाट, पुलगावच्या मोहल्ल्यांत हे खपून जाते, कारण काहींचे अब्बू खरेच बाहेर कामाला असतात. दुसरीतले पोर वर्गात मोठ्या ऐटीत सांगते. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत दुसरे पोर म्हणते, "तेरे अब्बू तो आर्वी में हैं, मैंने देखा." त्याला एकदमच दोन गोष्टी कळतात. अब्बू जवळ असूनही येत नाहीत, आणि अम्मी खोटे बोलली. मला विचाराल तर दुसरी जखम अधिक खोल जाते, कारण आता त्याच्याजवळ अम्मीच उरलेली असते.

यावर घरचे वडीलधारे म्हणतात, मसलहत म्हणून बोललेले खोटे माफ असते. दोन माणसांत सुलह घडवण्यासाठी तशी सवलत आहे, हे खरे. पण ती तुटलेले जोडण्यासाठी आहे. इथे कोण कुणाशी जोडले जाते? उलट अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे. एका आईने लहान मुलाला, ये, तुला काही देते, असे म्हणून हाक मारली. रसूलुल्लाह (स.) तिथे होते. काय देणार, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, खजूर. काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते, असे ते म्हणाले. एका खजुरीचा हिशेब होतो, तर अख्ख्या बापाचा होणार नाही?

याचा अर्थ मुलापुढे सगळे उघडे करावे असा नव्हे. काही घरांत तेही होते. तुझा बाप असा, तुझी आई तशी, असे रोज ऐकवले जाते. आईने खुला घेतला असेल तर मग बघायलाच नको. दुसऱ्याचे ऐब झाकणे ही आपली तालीम आहे. का तुटले ते झाकावे. तुटले हे मात्र झाकू नये. "अब्बू आणि मी आता एका घरात राहणार नाही. हे आम्ही मोठ्यांनी ठरवले, तुझ्यामुळे झाले नाही." सात वर्षांच्या मुलाला एवढे पुरते. शेवटचे वाक्य तर पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण मुले मनात दोष स्वतःवरच घेतात.

मला इद्दतीचा विचार इथे वेगळा वाटतो. सूरह तलाकच्या पहिल्याच आयतीत बायकोला इद्दतीत घराबाहेर काढू नका असे बजावले आहे. हेतू मन वळण्याचा आहे. पण त्या तीन महिन्यांत मूलही त्याच घरात असते. त्याला पाहायला, विचारायला, रडायला वेळ मिळतो. आपल्याकडे संध्याकाळी भांडण होते आणि सकाळी अम्मी पेटी घेऊन माहेरच्या एसटीत बसते. मुलाची इद्दत कुणी मोजलीच नाही. दूध तोडायचे तरी आईबापांनी एकमेकांच्या सल्ल्याने तोडावे, असे सूरह बकराची 233 वी आयत सांगते. मग मुलाशी काय बोलायचे यासाठी दोघांनी एकदा तरी समोरासमोर बसायला काय हरकत आहे? मेहरच्या हिशेबाला दोन्हीकडचे दहा माणसे बसतातच की.

अडचण उरते ती वचनाची. "जुम्म्याला अब्बू येतील" हे अब्बू खरेच येणार असतील तरच सांगावे. येणार की नाही हे आईलाच ठाऊक नसेल, तर "मला माहीत नाही, बेटा" एवढेच म्हणावे आणि पोर विचारील तितक्या वेळा म्हणावे.