आकृती आणि जाती

युरोपातील वनांच्या कडेने संथपणे उडणारे आणि बसल्यावर पंख नेहमी मिटून घेणारे ‘वुड व्हाइट’ हे जेमतेम चार सेंटिमीटर पंखविस्ताराचे पांढरे फुलपाखरू लिनियसने १७५८ मध्ये नोंदले, तेव्हापासून दोनशेहून अधिक वर्षे ती एकच जाती मानली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जननेंद्रियांच्या लांबीवरून तिच्या दोन जाती झाल्या, आणि २०११ मध्ये डीएनए व गुणसूत्रे तपासल्यावर तीन : सिनापिस, रेआली आणि युव्हर्निका. शेवटच्या दोहोंची जननेंद्रियेही सारखीच असल्याने आयर्लंडमध्ये रेआली समजली गेलेली फुलपाखरे प्रत्यक्षात युव्हर्निका निघाली.

न्यायदर्शनाने आकृती, म्हणजे अवयवांची ठेवण, हे जातीचे चिन्ह मानले आहे. येथे ते चिन्ह दोन्ही बाजूंनी अपुरे पडते. वाटाणावर्गीय रानवनस्पतीवर एकेकटे घातलेले निमुळते अंडे, पिवळ्या रेघेची हिरवी अळी, रेशमी धाग्याने कमरेशी बांधून घेऊन हिवाळा काढणारा कोष आणि पंख असलेला प्रौढ यांच्या आकृतींत काहीच मेळ नसताना जीव एक असतो, तर तीन प्रौढांची बाह्य आकृती एक असताना जाती तीन असतात.

मग हे भेद केवळ अभ्यासकाच्या बुद्धीने पाडलेले आहेत काय? बौद्ध तर्कज्ञ दिङ्नागाच्या अपोहवादानुसार शब्द वस्तूतील सामान्याचा, म्हणजे अनेकांत समान असलेल्या धर्माचा, बोध करून देत नाही, तो फक्त इतरांना वगळतो. आणि तीन नावांपुरते हे पटण्यासारखे आहे. परंतु सिनापिस आणि युव्हर्निका यांच्या प्रणयाराधनात नर मादीसमोर बसून सोंड उलगडतो व पांढरी खूण असलेल्या शृंगिकांसह ती डावी-उजवीकडे झुलवत राहतो, आणि हे तो परजातीच्या मादीपुढेही तितक्याच चिकाटीने करतो. नकार देते ती मादी. वगळण्याची क्रिया येथे मानवी भाषेच्या कितीतरी आधी घडलेली आहे, म्हणून नाव माणसाचे असले तरी भेद माणसाचा नाही, असेच म्हणावे लागते.

तरीही वैशेषिकांचे नित्य, म्हणजे कधीही न उपजलेले, सामान्य यातून सिद्ध होत नाही, कारण या तिन्ही जाती एकाच पूर्वजापासून कालांतराने फुटलेल्या आहेत. शिवाय एकट्या सिनापिसमध्येच गुणसूत्रांची संख्या स्पेनमधील १०६ पासून कझाकस्तानातील ५६ पर्यंत पूर्वेकडे क्रमाक्रमाने घटत जाते, आणि या उतारावर कोणत्याही एका ठिकाणी सीमा आखता येत नाही.