प्रतीचे सत्य : मूकपट, घरगुती चित्रफीत आणि साक्षीचा प्रश्न

एखाद्या कलाकृतीची सदोष प्रत पाहून त्या कलाकृतीविषयी विधान करण्याचा अधिकार आपणांस पोहोचतो काय? साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न काहीसा निरुद्योगी वाटण्याचा संभव आहे. रद्दी कागदावर, मुद्रणदोषांनी भरलेली कादंबरी वाचली तरी वाचली ती कादंबरीच, अशी आपली धारणा असते आणि ती बहुतांशी योग्यही असते. मूकपटाच्या बाबतीत मात्र ही धारणा टिकत नाही. दादासाहेब फाळके यांच्याविषयी आज जे बोलले, लिहिले, शिकविले जाते, ते बव्हंशी घरगुती प्रतींच्या आधारे: आधी व्हिडिओ कॅसेट, मग सीडी-डीव्हीडी, आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येणारी, कुणी कशावरून उतरविली याचा पत्ता नसलेली चित्रफीत. नागपूर-हैदराबाद महामार्गावरील वडनेरसारख्या गावात राहणाऱ्या विद्यार्थ्याला मूकपट या मार्गानेच भेटतो. दुसऱ्या मार्गाने भेटण्याची शक्यता जवळजवळ नाही. तेव्हा या प्रतींच्या गुणवत्तेचा प्रश्न हौशी संग्राहकांच्या कुरकुरीपुरता राहत नाही. तो ज्ञानव्यवहाराचा आणि म्हणून नीतीचा प्रश्न होतो.

भारतीय मूकपटाची स्थिती मुळातच शोचनीय आहे. १९१३ ते १९३४ या काळात तेराशेहून अधिक मूकपट निर्माण झाले. त्यांपैकी पूर्ण वा तुकड्यांच्या रूपात उरले ते अत्यल्प. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’चे मूळ चार रीळ होते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिले व शेवटचे रीळ तेवढे शिल्लक राहिले. आणि हेही रीळ १९१३ च्या चित्रपटाचे नसून फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’चे असावेत, असे काही चित्रपटेतिहासकारांचे मत आहे. वाद मिटलेला नाही. परंतु वाद आहे हे निर्विवाद आहे. असे असता घरोघरी पोहोचणाऱ्या प्रतींवर बहुधा ‘१९१३’ एवढाच आकडा छापलेला असतो, त्यापुढे प्रश्नचिन्ह नसते. सत्यासाठी राज्य, पत्नी व पुत्र यांवर पाणी सोडणाऱ्या राजाची कथा ज्या प्रतीतून आपण पाहतो, ती प्रत स्वतःच्या जन्मवर्षाविषयी सत्य बोलण्यास कचरते!

आकड्यापुढील हे अनुपस्थित प्रश्नचिन्ह मला चित्राच्या अस्पष्टतेपेक्षा गंभीर वाटते. प्रत ही साक्ष आहे. साक्षीदाराची दृष्टी अधू असेल, तर ते जमेस धरून आपण त्याचे म्हणणे ऐकू शकतो. आपण कोठे उभे होतो आणि किती पाहिले हे तो सांगत नसेल, तर मात्र त्याच्या तीक्ष्ण दृष्टीचाही आपणांस उपयोग नाही.

ही दृष्टी मराठी वाङ्मयपरंपरेला अपरिचित नाही. लेखकांच्या हस्तदोषांनी भ्रष्ट झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रती एकनाथांनी ताडून पाहिल्या, शके १५०६ मध्ये शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात पुढे कुणी पदरची भर घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. प्रतीशी प्रामाणिक राहणे हे येथे भक्तीचेच अंग ठरते. आधुनिक काळात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा स्वीकृत पाठाखाली नाकारलेली पाठांतरेही छापली. संपादकाच्या निर्णयाची उलटतपासणी करण्याची सामग्री वाचकाच्या हाती दिली. भांडारकर मंदिर आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय या दोन्ही संस्था पुण्याच्या एकाच विधि महाविद्यालय रस्त्यावर आहेत. एका संस्थेने घालून दिलेली शिस्त दुसरीत जतन झालेल्या वस्तूंच्या प्रसारात उतरू नये, हे अंतर रस्त्याच्या लांबीवरून मोजता येण्यासारखे नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. पाठचिकित्सा शब्दांची होते. चित्रपट म्हणजे संहिता नव्हे. नेल्सन गुडमन यांनी केलेला भेद येथे उपयोगी पडतो. काही कलांत कृतीची ओळख तिच्या वर्णक्रमावर अवलंबून असते. तो बिनचूक उतरला की झाली ती कृती. काही कलांत, उदाहरणार्थ चित्रकलेत, विशिष्ट हाताने घडविलेली विशिष्ट वस्तूच कृती असते व तिची हुबेहूब नक्कलही नक्कलच ठरते. मूकपट या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा आहे. तो प्रारंभापासूनच अनेक प्रतींत जगतो. वॉल्टर बेंजामिन यांनी यांत्रिक पुनरुत्पादनाच्या विवेचनात चित्रपटाला मध्यवर्ती स्थान दिले ते याचसाठी. पण प्रतीवरून प्रत काढताना जे गळते ते अक्षरासारखे तर्काने भरून काढता येत नाही. गळलेली मात्रा जाणकार वाचक सांगू शकेल. गळलेली छाया कुणीही सांगू शकत नाही.

काय काय गळते, याचा तपशील पाहणे अगत्याचे आहे. कारण ‘गुणवत्ता’ या शब्दाने आपण फक्त ओरखडे व धूसरपणा समजतो. सर्वांत मोठी हानी काळाची होते आणि ती डोळ्यांना हानी म्हणून जाणवतच नाही. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरविला जाई. फाळके यांचा विल्यमसन कॅमेराही असाच होता. चित्रीकरणाचा वेग सेकंदाला सोळा चौकटींपासून वीस-बावीसपर्यंत बदलता असे. बोलपट आल्यावर तो चोवीसवर स्थिर झाला आणि आपल्याकडील दूरचित्रवाणी-पद्धतीने तो पंचवीस केला. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी मावतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट अशी नोंद आढळते. सोळाच्या वेगाने त्याला सुमारे ६२ मिनिटे लागतील. चोवीसच्या वेगाने ४१. मधली वीस-एकवीस मिनिटे कुणी कापलेली नाहीत, एकही चौकट हरवलेली नाही, आणि तरीही त्या चित्रपटाचा एक तृतीयांश काळ नाहीसा झालेला असतो. राणी लगबगीने चालते, ऋषी हात झटकतो, मरणदृश्यही दुडूदुडू धावते. मग आपण वर्गात सांगतो की त्या काळचा अभिनय हास्यास्पद व भडक होता. हा निष्कर्ष नटांविषयी नसून यंत्राच्या मांडणीविषयी आहे, हे विद्यार्थ्याला कळावे कसे?

वेगाची ही बाब फाळके यांच्या संदर्भात गौण मानता येत नाही, याला आणखी एक कारण आहे. कथापट काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीतील बीजाला अंकुर फुटून रोप कसे वाढते, याचे टप्प्याटप्प्याने चित्रण केले होते आणि अनेक दिवसांची ती वाढ पडद्यावर क्षणांत दाखवून भांडवल देणाऱ्याची खात्री पटविली होती. काळ हा चौकटींनी घडविता येतो, हे ज्या माणसाने आपल्या पहिल्या प्रयोगातच ओळखले, त्याच्याच चित्रपटांचा काळ आपण बेपर्वाईने दडपून टाकावा, यात एक अन्याय आहे.

चौकटीच्या कडांचेही तेच. मूकपटाचे चित्र फितीची पूर्ण रुंदी व्यापते. बोलपटाच्या साच्यात त्याची नक्कल करताना ध्वनिपट्टीच्या जागेसाठी डावीकडची कड कापली जाते. पुढे रुंद पडद्यावर चित्र ‘भरून’ दिसावे म्हणून वरचा-खालचा भागही छाटला जातो. समोरून, नाटकाच्या रंगमंचासारखे दृश्य योजणाऱ्या फाळके यांच्या रचनेत पायांना व मुकुटांना अर्थ असतो. तेच नेमके बाहेर जातात.

छायांचे उदाहरण ‘कालिया मर्दन’ (१९१९) मधून घेता येईल. चित्रपटाच्या आरंभी फाळके यांची लहानगी कन्या मंदाकिनी कॅमेऱ्याकडे पाहून नाना भाव चेहऱ्यावर आणून दाखविते आणि मग त्या मुलीचा श्रीकृष्ण होतो. ‘ही माझी मुलगी, आता ही देव होणार आहे’ असे प्रेक्षकाला विश्वासात घेऊन सांगणारा हा प्रारंभ आहे. श्रद्धा आणि बनाव यांचे असे उघड सहास्तित्व नंतरच्या पौराणिक चित्रपटांत क्वचितच दिसते. या अर्थाचा सारा भार त्या चेहऱ्यावरील सूक्ष्म छटांवर आहे. नकलेची नक्कल काढता काढता मधले करडे रंग नष्ट होतात, उरतो पांढरा गोल व त्यात दोन काळे ठिपके. अशा प्रतीत आपणांस मुलगीही दिसत नाही आणि तिचे देव होणेही दिसत नाही. सनावळीतील एक नोंद तेवढी दिसते.

‘काहीच नसण्यापेक्षा हे बरे’ हा युक्तिवाद येथे हमखास पुढे येतो. तो मी हलका मानीत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींना आग लागून दुर्मीळ चित्रपटांची हानी झाली. अशा आपत्तीनंतर कुठल्यातरी नकलेत उरलेली धूसर आकृतीच काय ती आपली असते. नक्कल करणे हे त्या अर्थी कर्तव्यच आहे. पण हा युक्तिवाद कोण कुणासाठी करतो, हेही पाहिले पाहिजे. उत्तम प्रत परदेशातील महोत्सवात, मध्यम प्रत महानगरातील फिल्म सोसायटीत आणि वडनेरच्या वाट्याला सातवी-आठवी नक्कल, अशी उतरंड लागली असता ‘काहीच नसण्यापेक्षा बरे’ हे वाक्य नेहमी वरून खाली उच्चारले जाते. वस्तूच्या दुर्मीळतेने प्रतीचे दारिद्र्य समर्थनीय ठरेल, प्रतीचे मौन ठरत नाही. वेग कोणता धरला, कोणत्या फितीवरून उतरविले, किती हरवले आहे, हे तीन ओळींत सांगायला निधी लागत नाही.

याच्या उलट टोकाचा दोष अलीकडे अधिक मोह घालू लागला आहे. ल्युमिएर बंधूंच्या आगगाडीच्या चित्रफितीला संगणकीय बुद्धिमत्तेच्या साहाय्याने अतिस्पष्ट व सेकंदाला साठ चौकटींची केलेली आवृत्ती २०२० मध्ये जगभर कौतुकाने पाहिली गेली. तीतील बहुसंख्य चौकटी कुणीही कधीही चित्रित केलेल्या नाहीत. त्या यंत्राने अनुमानिलेल्या आहेत. पाठचिकित्सेच्या भाषेत हा प्रक्षेप होय, आणि प्रक्षेप जितका बेमालूम तितका तो घातक. याच्या शेजारी फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’चे उदाहरण ठेवावे. २००८ मध्ये ब्युनोस आयर्स येथे त्याची दीर्घ आवृत्ती १६ मिलिमीटरच्या, ओरखड्यांनी भरलेल्या, कडा छाटलेल्या प्रतीत सापडली. २०१० च्या पुनःसिद्ध आवृत्तीत ते नवे भाग त्यांच्या जखमांसह, लहान चौकटीतच ठेवले गेले. कुठला भाग कुठून आला, हे सामान्य प्रेक्षकालाही पाहताक्षणी कळते. डागडुजी दिसली पाहिजे, हे चेझारे ब्रांदी यांचे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरले आहे. ओरखडा हे येथे खाली छापलेले पाठांतरच आहे.

पार्श्वसंगीताविषयी मात्र मी इतका कडवा नाही. मूकपट तेव्हाही नि:शब्दतेत पाहिला जात नसे; पेटी-तबला असे, कथा सांगणारा असे. नव्या संगीतकाराने नाव लावून साथ करावी आणि ती बंद करण्याची सोय असावी, एवढे पुरे.

याहून चिंतेची गोष्ट म्हणजे प्रतींची गुणवत्ता हळूहळू अभिजाततेचा निकष बनते. फ्रान्झ ऑस्टेन व हिमांशू राय यांचा ‘शिराझ’ (१९२८) ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांच्या संगीतासह देखण्या रूपात पुढे आणला. तो पाहता येतो, म्हणून त्यावर लिहिले जाते. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) पाहताच येत नाही. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा, शेतकऱ्याची जमीन कर्जापायी जाते आणि तो गिरणीच्या शहराकडे ढकलला जातो हे सांगणारा हा चित्रपट, ज्यात तरुण व्ही. शांताराम यांनी शेतकऱ्याची भूमिका केली. ‘भारतीय मूकपट’ म्हटल्यावर आज मनात उभा राहतो तो ताजमहाल. वऱ्हाड-वर्धेच्या कपाशीच्या पट्ट्यातल्या वाचकाला जो चित्रपट सर्वांत जवळचा वाटला असता, तो ऐकीव प्रशंसेपुरता उरतो. पेंटर यांनी १९३६ मध्ये त्याच नावाचा बोलपट काढला म्हणून ही पोकळी भरून निघाली असे मानणे, म्हणजे १९१७ ला १९१३ म्हणण्याचाच दुसरा प्रकार होईल.

विद्यापीठीय प्रबंधांत आपण ज्ञानेश्वरीची ओवी देताना कोणाची प्रत हे नमूद करतो. न केल्यास परीक्षक हरकत घेतात. चित्रपटाच्या बाबतीत ‘राजा हरिश्चंद्र, १९१३, दिग्दर्शक फाळके’ एवढ्या उल्लेखावर प्रबंध स्वीकृत होतात. निदान मराठी विभागांपुरती तरी ही नोंद पुढीलप्रमाणे असावी असे सुचवितो: उपलब्ध रीळ, त्यांच्या काळाविषयीचा मतभेद, पाहिलेल्या प्रतीचे माध्यम, तिचा एकूण अवधी व चौकटींचा वेग, आणि वेग प्रतीवर नोंदलेला नसेल, तर ‘वेग अनुल्लेखित’ असा स्पष्ट शेरा.